करंट गेल्यावर घरात काय असावं

(दिलसुखनगर भागातील सदस्यांच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचं नाव निमंत्रणात 'वीजपुरवठा खंडित झाल्यास घरगुती पर्यायी व्यवस्था' असं छापलं आहे. एवढं जड नाव घरात कोणी घेत नाही. नांदेड-लातूरकडून आलेले आपले लोक 'लाईट गेली' म्हणतात. इथं दोन पिढ्या काढलेले 'करंट गेला' म्हणतात, आणि आपली मुलं सरळ 'करंट पोयिंदी' म्हणून ओरडतात. भाषा तीन, अंधार एकच.

काही सदस्यांनी विचारलं, आपलं पत्रक राजकीय, मग त्यात इन्व्हर्टर आणि गॅसचा विषय कशाला? आम्हाला उलट वाटतं. या शहरात विजेइतकं राजकारण दुसऱ्या कशावरून झालं असेल तर ते पाण्यावरून, आणि पाणीसुद्धा शेवटी मोटरवरच चढतं.

आमच्या वयाचे लोक २००० साली कॉलेजात होते. त्या वर्षी वीजदर वाढले. २८ ऑगस्टला बशीरबागला मोर्चावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन जण मारले गेले. त्या दिवशी आबिड्स-कोठीकडून घरी यायला लागलेला वेळ आमच्यातले काही जण अजून सांगतात. पुढे २००४ साली वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि पहिली सही केली ती शेतकऱ्यांच्या मोफत विजेवर. २०११ च्या सकल जनुल सम्मेत सिंगरेणीचे खाण कामगार उतरले, कोळसा थांबला आणि राज्यभर वीजकपात आली. २०१२-१३ च्या सुमारास तर शहरातसुद्धा ठरलेल्या वेळी करंट जायचा. आपण वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं होतं. तेव्हा महाराष्ट्रात आपल्या नातेवाईकांकडे 'भारनियमन' हा शब्द लहान पोरांनाही पाठ होता. दाभोळचा प्रकल्प २००१ साली बंद पडलेला, २००५ साली वीज मंडळाच्या वेगळ्या कंपन्या झाल्या, तरी खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास लाईट नसायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलेलं पोर इकडे परत आलं की 'आपल्याकडे किती कमी जातो' म्हणून खूश व्हायचं.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो, कारण ती आपल्या दोन्ही घरांना जोडणारी आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचं ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही गेलं आणि सुमारे साठ कोटी लोकांच्या भागातली वीज बंद झाली. आपल्याकडे दिवे चालू होते. दक्षिणेचं ग्रिड तेव्हा बाकी देशाशी एका तालात जोडलेलंच नव्हतं, म्हणून आपण वाचलो. पण त्याच कारणाने बाहेरची वीज हवी तेवढी आणता येत नव्हती. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ के. व्ही. लाईन सुरू झाली आणि दक्षिण जोडली गेली. पुढे वर्ध्याहून डिचपल्लीकडे दुसरी मोठी लाईन आली. म्हणजे आज दिलसुखनगरचा पंखा फिरतो त्यात सोलापूर आणि वर्धा यांचाही वाटा आहे. जोडलं गेल्याचा फायदा मोठा. कुठे बिघडलं तर त्याची झळही आता दूरवर पोचते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईसारख्या शहरात सकाळी लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, ते सर्वांनी टीव्हीवर पाहिलं.

तेलंगणा राज्य २०१४ साली झालं आणि त्यानंतर घरगुती कपातीचे ते वेळापत्रक गेले, हे मान्य केलं पाहिजे. ज्यांनी त्या पक्षाला मत दिलं त्यांनी आणि न दिलं त्यांनीही. आता जे जातं ते मे महिन्याच्या वादळात झाड पडलं म्हणून, ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणून, किंवा पाणी शिरलं म्हणून. हे जाणं वेळ सांगून येत नाही, म्हणून तयारी जास्त लागते.

आता घरात या.

आमचा पेशा आकड्यांचा, म्हणून इन्व्हर्टरचा हिशेब आधी. बाजारात नेहमी मिळते ती बॅटरी १२ व्होल्टची, १५० एएचची. गुणाकार केला की १८०० वॅट-तास होतात. हा झाला पासबुकातला आकडा. हाती येणारी रक्कम वेगळी असते. बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते, इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो, म्हणून नव्या बॅटरीतून हजार ते बाराशे धरा. जुना पंखा ७५ वॅट घेतो. असे दोन पंखे, ९ वॅटचे चार एलईडी दिवे आणि इंटरनेटचा डबा मिळून साधारण दोनशे वॅट होतात. पाच-सहा तास निघतील. तेच पंखे बीएलडीसी घेतले तर एकेक तीस वॅटच्या आसपास बसतो आणि तीच बॅटरी नऊ-दहा तास जाते. दुकानदार तुम्हाला दुसरी बॅटरी विकायला बघेल. तिच्या किमतीत तीन-चार पंखे येतात आणि ते पंखे करंट असतानाही बिल कमी करतात. आमच्या अपार्टमेंटमध्ये हे सांगायला कोणी नव्हतं, म्हणून आम्ही तिघा-चौघांनी दोन-दोन बॅटऱ्या घेतल्या आणि पंखे तेच ठेवले. चूक आमची.

बॅटरीत पाणी घालायचं ते डिस्टिल्डच. आमच्याकडे एका घरात बोअरचं पाणी घातलं होतं, कारण 'पाणी ते पाणी'. दीड वर्षात बॅटरी संपली. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून ती देवघराच्या खाली, समईजवळ किंवा कपाटात कोंडून ठेवू नका. आपल्याकडे जागा नाही म्हणून देवघराखालीच ठेवलेली असते, हे आम्ही आपल्याच सदस्यांच्या घरी पाहिलं आहे. हॉलच्या कोपऱ्यात ठेवा, नाही दिसली चांगली तरी चालेल. जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर देऊ नका. त्यात शिसं आहे, आणि गल्लीत उघड्यावर ती फोडली जाते तिथं लहान मुलं खेळत असतात. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा निचरा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी दुकानातच द्या आणि बिलावर लिहून घ्या.

गच्चीवर सोलर बसवलं की करंट जाण्याची चिंता मिटली, असं पुष्कळ लोक समजतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली. ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान ऐकून आमच्या खिडकीशी येऊन लोक कर्जाची चौकशी करू लागले. तेव्हा प्रत्येकाला एक गोष्ट सांगावी लागली. ग्रिडला जोडलेलं साधं सोलर करंट गेला की स्वतःही बंद होतं. भर उन्हात, वर पॅनल तळपत असताना, खाली पंखा बंद. हा बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या लाईनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ती मुद्दाम केलेली सोय आहे. करंट नसताना सोलर हवं असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि खर्च वाढतो. सोलर बिलासाठी जरूर घ्या, पण अंधारासाठी घेत असाल तर आधी हे विचारून घ्या.

उष्णतेचा भाग आपल्याकडे थोडा, पण धोका सगळा त्यातच आहे. हैदराबादची थंडी ती केवढी! डिसेंबर-जानेवारीतले चार आठवडे. तरी घरात म्हातारी माणसं आणि बाळंतीण असेल तर गरम पाण्यावाचून सकाळ उगवत नाही. पूर्वी घरोघरी तांब्याचा बंब होता. फ्लॅटमध्ये आलो, धूर कुठे काढायचा म्हणून तो मोडीत घातला आणि गीझर लावला. गीझर दोन हजार वॅटचा, इंडक्शनची शेगडीही तेवढीच. इन्व्हर्टरवर दोन्हींचं नाव काढू नका. म्हणून गॅसचं दुसरं सिलिंडर घरात भरलेलं असावं आणि पहिलं संपलं त्याच दिवशी नंबर लावावा. सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेणाऱ्या नव्या जोडप्यांनी एक गॅसची शेगडी ठेवावी. पाणी गॅसवर मोठ्या पातेल्यात तापतं, आईने आयुष्यभर तसंच तापवलं.

बाथरूममध्ये बसवलेला गॅस गीझर मात्र नको. दार बंद, खिडकी बंद, आत ज्योत. त्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आधी झोपाळतो, मग उठत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपण्याचंही तेच, आणि सेलरमध्ये चालवलेल्या जनरेटरचंही तेच. आपली कितीतरी मुलं अमेरिकेत टेक्सासला आहेत, त्यांना हे आठवत असेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथं बर्फाचं वादळ आलं आणि पंचेचाळीस लाखांवर घरं आणि दुकानं अंधारात गेली. टेक्सासचं ग्रिडही बाकी देशापासून बरंचसं वेगळं ठेवलेलं, शेजाऱ्यांकडून पुरेशी वीज आणता आली नाही. सरकारी हिशेबाने २४६ माणसं दगावली. बरीच थंडीने गेली, आणि काही ऊब मिळावी म्हणून घरात, गॅरेजमध्ये काहीतरी पेटवून किंवा इंजिन चालू ठेवून गेली. दिलसुखनगरच्या मुख्य रस्त्यावर, कोचिंग क्लासच्या इमारतींमध्ये, दोन दुकानांच्या मधल्या बोळात जनरेटर धुरकट आवाज करत उभे असतात आणि वर वर्ग भरलेले असतात. आपली मुलं त्या वर्गांत बसतात. याबद्दल आपण कधी कोणाला विचारलं का?

आता २०२०. १३ ऑक्टोबरच्या रात्रीचा पाऊस इथं बसलेल्यांपैकी कोणाला सांगायला नको. सरूरनगरचा तलाव भरून वाहिला, कोदंडराम नगर, चैतन्यपुरीच्या गल्ल्यांत होड्या फिरल्या. आमच्या अपार्टमेंटमध्ये वीस फ्लॅट आहेत, आणि वीसही मीटर सेलरमध्ये, एकाच पॅनलवर. सेलरमध्ये गळ्याएवढं पाणी. लाईन बंद ठेवली होती, आणि ती बंद ठेवली म्हणूनच कोणी मेलं नाही. पहिल्या रात्री बाराच्या सुमारास आमचे इन्व्हर्टर एकामागून एक टूं-टूं करत बंद पडले. मग चार रात्री अंधार. वरच्या टाकीतलं पाणी दुसऱ्या दिवशी संपलं, कारण मोटर पाण्याखाली. घराघरात दूध तापत होतं, कारण गॅस होता. पण मोबाईल चार्ज करायला मलकपेटपर्यंत चालत जावं लागलं, कारण गाड्याही सेलरमध्येच बुडालेल्या.

खरं म्हणजे हे मीटरचं पॅनल पहिल्या मजल्यावर घेण्याचा ठराव आमच्या कमिटीत पूर्वी एकदा आला होता. खर्चाची वाटणी कशी करायची यावर दोन तास चर्चा झाली. तळमजल्यावाले म्हणाले, सगळ्यांनी समान. वरचे म्हणाले, आम्हाला काय गरज. ठराव पुढच्या सभेवर ढकलला. तो पुढची चार वर्षं पुढच्या सभेवरच होता. पूर आल्यावर सगळ्यांचे मीटर सारखेच बुडाले.

सेलरमध्ये एक खोली आहे. तिच्यात आमचा वॉचमन, त्याची बायको आणि दोन मुली राहतात. त्या रात्री ते चौघं जिन्यात आले, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या चौकात. चार रात्री तिथंच. आमच्या प्रत्येकाच्या घरी इन्व्हर्टर होता, पण जिन्यातला दिवा त्यातल्या एकाही इन्व्हर्टरवर नव्हता. म्हणजे पहिल्या रात्रीही, आमचे पंखे चालू असताना, ते अंधारात बसले होते. हे आमच्या लक्षात आलं तिसऱ्या दिवशी, तेही धाकट्या मुलीने जिन्यात पाय मुरगळून घेतला तेव्हा.

दुसरी रात्र मे २०२१ ची. कोरोनाची दुसरी लाट. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दवाखान्यातून घरी आलेल्या, ऑक्सिजनच्या यंत्रावर. ते यंत्र साडेतीनशे वॅटच्या आसपास घेतं. रात्री अकराला वादळ झालं आणि करंट गेला. मघाचा हिशेब लावा. एका बॅटरीवर तीन तास, तेही नशीब असेल तर. एकच्या सुमारास काकूंचा इन्व्हर्टर बोलू लागला. मग चौथ्या मजल्यावरून खिडकीतून वायर सोडली आणि वरच्यांच्या इन्व्हर्टरवर यंत्र जोडलं. वरच्यांनी आपला पंखा, दिवा सगळं बंद करून अंगाला टॉवेल गुंडाळून दारात बसून काढली ती रात्र. साडेतीनला तो इन्व्हर्टर मंदावला, तेव्हा शेजारच्या तेलुगू कुटुंबाने दार उघडलं. आम्ही मागायला गेलोही नव्हतो, ते ऐकत बसले होते. पावणेसहाला करंट आला. काकू आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून नाव घेत नाही, त्या रागावतील.

त्या रात्री कोणाकडे किती बॅटरी आहे, किती जुनी आहे, वायर किती लांब आहे, हे आम्हाला एकमेकांचं काही माहीत नव्हतं. सगळं दारं ठोठावून कळलं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या पत्रकाचा खरा मुद्दा. २०१२ साली आमच्या गल्लीतून वीज कार्यालयात तक्रारींचा पाऊस पडायचा. बायका जाऊन एईच्या खोलीसमोर बसायच्या. हळूहळू घरोघर इन्व्हर्टर आले आणि तक्रार करणारे कमी झाले. आता करंट गेला की पंखा क्षणभर दचकतो आणि पुन्हा फिरतो. आपल्याला कळतही नाही. ज्यांना कळतं ते सेलरमध्ये, पत्र्याच्या खोलीत, भाड्याच्या एका खोलीत राहतात, आणि त्यांच्या तक्रारीला वजन नाही. २०० युनिटपर्यंतचं शून्य बिल २०२४ पासून पांढऱ्या कार्डवाल्यांना मिळू लागलं, चांगलं झालं. पण शून्य बिलावर महिन्यात किती तास करंट नव्हता हे छापलेलं नसतं, आपल्या बिलावरही नसतं.

कायदा आपल्या बाजूला आहे. २००३ च्या वीज कायद्यात सेवेची मानकं आहेत, ती पाळली नाहीत तर भरपाई आहे, तक्रार निवारण मंच आहे, त्यावर लोकपाल आहे. ३१ डिसेंबर २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत तर भरपाई आपोआप मिळावी असं म्हटलं आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती मागितली? आम्हीही नाही. मागायची तर नोंद लागते: कधी गेला, कधी आला, १९१२ ला किती वाजता फोन केला, तक्रारीचा नंबर काय. बँकेत व्हाऊचरशिवाय नोंद होत नाही, इथंही तसंच. नगरसेवक मतं मागायला येतो तेव्हा 'करंट फार जातो' म्हटलं तर तो मान हलवतो आणि पुढच्या दारी जातो. सहा महिन्यांची वही हातात दिली तर निदान बसतो.

आमच्या अपार्टमेंटने काय केलं तेवढं सांगून थांबतो. सामायिक खात्यातून एक वेगळा इन्व्हर्टर घेतला. त्याच्यावर जिन्याचे सहा दिवे, गेटचा दिवा आणि वॉचमनच्या खोलीतला पंखा-दिवा. दोन फ्लॅटवाल्यांचा विरोध होता, त्यांनी वर्गणी दिली नाही, तरी जिना त्यांनाही दिसतो. कोणाच्या घरी कोणतं यंत्र चालतं, ऑक्सिजन असो, नेब्युलायझर असो, इन्सुलिनसाठी फ्रिज असो, त्याची यादी सेक्रेटरीकडे ठेवली. पन्नास फुटांची जाड वायर जिन्याखालच्या कपाटात आहे, चावी वॉचमनकडे. करंटची वही गेटवर असते आणि ती वॉचमनची मोठी मुलगी भरते. तिचं अक्षर आमच्यापेक्षा चांगलं आहे.

मीटरचं पॅनल अजून सेलरमध्येच आहे. ते वर नेण्यासाठी अर्ज करावा लागतो, अंदाजपत्रक मिळाल्यावर पैसे भरावे लागतात, आणि अर्जावर सर्व फ्लॅटधारकांच्या सह्या घ्यायचं आमच्या कमिटीने ठरवलं आहे. वीसपैकी सोळा झाल्या आहेत. राहिलेल्या चौघांपैकी तिघं आज या सभेला आले आहेत. अर्ज बाहेर चहाच्या टेबलावर ठेवला आहे, शेजारी पेनही आहे.